दिल्लीचे साठ, मुंबईचे चाळीस

कुरुंद्यातल्या मजुराच्या घरी मोठे दुखणे आले की वसमत गाठायचे की नांदेड, हा प्रश्न नंतरचा. आधी प्रश्न पैशाचा!

२०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि पुढे ती राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेला जोडली गेली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. केंद्राच्या यादीतील कुटुंबांसाठी १०० रुपयांत ६० दिल्लीचे, ४० राज्याचे. यादीबाहेरच्यांचा सारा भार राज्यावर.

म्हणून राज्याची तिजोरी आटली तरी हे ६० रुपये आधार ठरतात. ते रस्त्या-पुलाकडे वळवता येत नाहीत. मात्र राज्याने आपले ४० अडवले, तर दिल्लीचा पुढचा हप्ताही अडतो. रुग्णालयाची बिले थकतात आणि झळ खाटेवरच्या माणसाला लागते. आमच्या मते खरी मेख इथेच आहे.

प्रांत आणि केंद्र यांच्यातील पैशाच्या नात्यावर बाबासाहेबांनी १९२५ सालीच ग्रंथ प्रसिद्ध केला होता. पुढे घटनेच्या २८० व्या कलमाने वित्त आयोग आला. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्याला ७०,०५१ कोटी रुपये सुचवले. उपकेंद्रे, प्राथमिक आरोग्य केंद्रे यांसाठी. त्यात राज्याच्या चाळिसाची अट नव्हती. आपल्या गावाच्या वाट्याला त्यातले काय आले, हे ग्रामसभेत विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि माय-माउल्यांनो, दवाखान्यात जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, आधी त्याला गाठा. योजनेतल्या उपचारासाठी कुणी पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा.