दिव्यकृतीचा घोडा, देशाचं सोनं!

माळेगावच्या यात्रेत ढोल-हलगीच्या तालावर पाय उचलणारा घोडा तुम्ही पाहिला असेल. साखऱ्यात वरात निघाली की घोड्यावर नवरदेव आणि लगाम मालकाच्या हातात. मुलीच्या हातात लगाम? विचार करूनच सांगा! म्हणूनच दोस्तांनो, दिव्यकृती सिंग हे नाव लक्षात ठेवा.

२६ सप्टेंबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सोनं तब्बल ४१ वर्षांनी, म्हणजे १९८२ च्या दिल्ली स्पर्धेनंतर आलं. संघात दोन मुली, दोन मुलं : जयपूरची दिव्यकृती, इंदूरची सुदीप्ती हजेला, मुंबईचा हृदय छेडा आणि कोलकात्याचा अनुष अगरवाला. चौघांपैकी सर्वोत्तम तिघांचे गुण धरतात. त्यात दिव्यकृतीचे ६८.१७६ होते. भारत २०९.२०५, यजमान चीन २०४.८८२. तेव्हा ती होती अवघी २३ वर्षांची!

ड्रेसाज म्हणजे काय? ६० बाय २० मीटरच्या मैदानात घोडा ठरलेल्या चाली करून दाखवतो. ओरडायचं नाही, तोंडाने चुचकारायचंही नाही. पायाचा हलका दाब, कमरेचा तोल, लगामाची जराशी हालचाल, बस्स. परीक्षक प्रत्येक चालीला दहापैकी गुण देतात. पाहणाऱ्याला वाटावं, घोडा स्वतःहूनच करतोय. त्यामागे वर्षानुवर्षांची जोडी जमवणं असतं. दिव्यकृतीचा जोडीदार होता ॲड्रेनालिन फिरफोड.

अजमेरच्या शाळेत तिला घोडेस्वारीची गोडी लागली. पुढे सरावासाठी घर सोडून युरोप गाठला. ९ जानेवारी २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते अर्जुन पुरस्कार मिळाला. घोडेस्वारीत हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला!

या खेळात मुलामुलींचा वेगळा गट नसतो, सगळे एकाच मैदानात. पण हे सहज मिळालेलं नाही. ऑलिम्पिकच्या ड्रेसाजमध्ये महिलांना १९५२ साली पहिल्यांदा प्रवेश मिळाला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्य पटकावलं. पोलिओमुळे तिच्या पायांत गुडघ्याखाली ताकद नव्हती. घोड्यावर चढायलाही मदत लागायची!

आता खरं बोलू. हा खेळ खिशाला जड आहे. घोडा, त्याचा खुराक, प्रशिक्षक, परदेशातला सराव, हे सगळं आपल्याकडच्या सोयाबीनच्या पैशात बसत नाही. दिव्यकृतीला घरचा आधार होता, हेही मान्य करा. पण घोड्याजवळ जायला आणखी वाटा आहेत. एनसीसीच्या ‘रिमाउंट अँड व्हेटर्नरी’ शाखेत कॅडेटना घोडेस्वारी शिकवतात, मुलींनाही. बारावी सायन्स करून ‘नीट’ दिलीत, तर पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या शेजारच्या परभणीतच आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या यात्रेत घोडा नुसता लांबून पाहू नका. मालकाला विचारा, “काका, लगाम कसा धरायचा?”