सर्वांत श्रीमंत कोण?

मुलांनो, भद्रावतीहून दक्षिणेकडे निघालात आणि चंद्रपूर, बल्लारपूर मागे टाकलेत, की वर्धा नदीच्या पलीकडे राजुरा लागते. आज राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. पण 1948 पर्यंत तेथे हैदराबादच्या निजामाचे राज्य होते.

शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांचे चित्र 22 फेब्रुवारी 1937 रोजी ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर छापले गेले. जगातील सर्वांत श्रीमंत माणूस, असा त्यांचा लौकिक होता. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत जॉन रॉकफेलर वारले. ते खनिज तेलाचे मोठे व्यापारी होते. अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून पुष्कळ जण त्यांचेच नाव घेतात. आपल्या काळातील बिल गेट्स यांचे नाव तर तुम्ही ऐकलेच असेल. मग या सर्वांत मोठा कोण?

तुम्ही म्हणाल, “आकडे मांडा आणि पाहा.” ठीक आहे. 1913 च्या सुमारास रॉकफेलर यांच्याजवळ अंदाजे 90 कोटी डॉलर होते. 1999 साली गेट्स यांची संपत्ती 10,000 कोटी डॉलरांवर गेली होती. म्हणजे गेट्स शंभर पटींहून अधिक श्रीमंत! पण 1913 चा डॉलर आणि 1999 चा डॉलर सारखा नव्हे. त्यांच्या लहानपणी एका रुपयात काय काय येत असे, हे तुमच्या आजोबांना विचारा.

म्हणून मजुरीच्या मापाने मोजून पाहू. जानेवारी 1914 मध्ये हेन्री फोर्ड यांनी आपल्या मोटारींच्या कारखान्यात दिवसाला 5 डॉलर मजुरी जाहीर केली. त्या काळी ही फारच मोठी मजुरी होती. या हिशेबाने 90 कोटी डॉलर म्हणजे 18 कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे 300 दिवस काम धरले, तर ती 6 लाख कामगारांची वर्षभराची कमाई होते. गणित वहीत करून पाहा.

देशाच्या उत्पन्नाचे मापही वापरतात. रॉकफेलर यांची संपत्ती अमेरिकेच्या एका वर्षाच्या उत्पन्नाच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी होती, तर गेट्स यांची सुमारे शंभराव्या भागाइतकी. माप बदलले आणि निकालच उलटला!

निजामांची दौलत मोजणे तर याहून कठीण. (‘दौलत’ हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे.) राज्याचा खजिना वेगळा होता आणि ‘सर्फ-ए-खास’ जमिनींचे उत्पन्न निजामांचे खासगी होते. पण हुकूम दोन्हींवर त्यांचाच चाले. मग राजाचे स्वतःचे किती धरायचे? शिवाय हिऱ्यांना ठरलेला भाव नसतो. 1995 साली भारत सरकारने निजामांचे 173 दागिने सुमारे 218 कोटी रुपयांना विकत घेतले. प्रसिद्ध जेकब हिरा त्यांतच होता. विकणाऱ्यांना मात्र त्यांची किंमत याहून पुष्कळ जास्त वाटत होती.

काही गोष्टी तर कोणत्याच मापात बसत नाहीत. 1901 साली रॉकफेलर यांचा चिमुकला नातू स्कार्लेट फीव्हर नावाच्या तापाने दगावला. आजोबांजवळ कोट्यवधी डॉलर होते, पण त्या तापावर औषधच निघाले नव्हते. त्याच वर्षी रॉकफेलर यांनी न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय संशोधनासाठी एक संस्था काढली. पेनिसिलिनचा शोध 1928 साली लागला. आज डॉक्टर या तापावर तेच औषध किंवा त्याच्या जातीचे दुसरे देतात. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, की ते गावातल्या औषधांच्या दुकानातही मिळते.