माळावरचा नाच
पाखरांची ठिकाणं : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवरचे रोहित पाहिले. ते इथे येतात चरायला. त्यांची घरटी कच्छच्या रणात. आज ज्या पाखराबद्दल लिहितो आहे, त्याचं चरणं, नाचणं, अंडी घालणं सारं एकाच प्रकारच्या जमिनीवर चालतं. ते पाखरू माळढोक, आणि जमीन सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान.

माळढोकाचा नर मीटरभर उंच, वजनाला पंधरा किलोपर्यंत. पावसाळ्यात तो माळावरची उघडी, थोडी उंच जागा धरतो. शेपूट उलटी पाठीवर पसरतो आणि गळ्याची पिशवी हवेने फुगवतो. ती पांढरीशुभ्र पिशवी लोंबत जवळजवळ जमिनीला टेकते. मग घुमणारा, खोल हुंकार, जो अर्ध्या किलोमीटरवर ऐकू जातो. मादी गवतातून येते, पाहते, पसंत पडला तर थांबते. पुढचं सगळं तिचं एकटीचं : बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर.

दुरून दिसावं यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. मध्ये झाडं उभी राहिली की तो वाया जातो. अमेरिकेत सेज ग्राउज नावाचा कोंबडीच्या कुळातला पक्षी आहे. सेजच्या खुरट्या झुडपांच्या कोरड्या मैदानात त्याचे नर ठरलेल्या जागी जमतात, छातीवरच्या पिवळ्या पिशव्या फुगवून नाचतात. तिथे ज्युनिपरची झाडं पसरू लागली. ओरेगॉनमधल्या अभ्यासात दिसलं, की झाडांचं आच्छादन चार टक्क्यांच्या वर गेलं की नाचाच्या जागा ओस पडतात. चार टक्के म्हणजे आपल्या डोळ्यांना जवळजवळ मोकळं रानच!

आपण मात्र माळाला पडीक म्हणत आलो आणि वृक्षारोपणासाठी पहिला खड्डा तिथेच खणत आलो. झाडं लावणारे चांगल्या मनाचे असतात, म्हणून हे नुकसान बोलून दाखवणं अवघड जातं. पण बोललं पाहिजे. उरलेल्या माळावर कालव्याचं पाणी, ऊस, वस्त्या आणि विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला समोरचं कमी दिसतं. अंग जड, त्यामुळे ऐनवेळी वळता येत नाही आणि तो तारांवर आदळतो.

१९७९ मध्ये नान्नजच्या परिसरात अभयारण्य झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आल्यावर शेतकऱ्यांच्या मनात पाखराबद्दलच राग बसला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माझ्या मते सुरुवातच उलटी झाली. आधी नाचाच्या जागा आणि त्यांच्याभोवतीची गायरानं राखायची, मग नकाशाची रेघ ओढायची.

आज देशात सुमारे दीडशे माळढोक उरलेत, बहुतेक जैसलमेरकडे. नान्नजला दिसला तर एखादाच. २०२४ मध्ये राजस्थानातल्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्माला आलं, ही मोठीच गोष्ट. पण अशी पिल्लं वाढली की त्यांना सोडायला उघडा, बिनतारांचा माळ लागेल, आणि तो सोलापुरात अजून तुकड्या-तुकड्यांनी शिल्लक आहे.

पुढच्या आठवड्यात तणमोर : पावसाळी गवतातून उंच उड्या घेत मादीला साद घालणारा, अकोला-वाशीमकडचा माळढोकाचा धाकटा भाऊबंद.