नावावर ठेवलेला पैसा

धायरी फाट्यावर रिक्षावाल्याला नुसतं ‘डीएसके’ म्हणा, तो रिक्षा डोंगराच्या अंगाने डीएसके विश्व या वसाहतीकडे घेतो. हयात माणसाची आद्याक्षरं पत्त्यात जाऊन बसावीत, हे पुण्यात फार थोड्यांच्या वाट्याला आलं.

दीपक सखाराम कुलकर्णी यांनी एके काळी टेलिफोन पुसून त्यांना सुगंध लावून देण्याचा धंदा केला. पुढे बांधकाम, मोटारींची विक्री, डिझाइनचं शिक्षण असा पसारा वाढला. ‘घराला घरपण देणारी माणसं’ ही त्यांची जाहिरात पुणेकरांना तोंडपाठ होती. मराठी माणूस धंदा करू शकतो, याचा दाखला म्हणून त्यांच्याकडे बघितलं जायचं. माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी मिळकत ही होती. त्यामुळे पुढे जे झालं त्याची झळ एकट्या कंपनीपुरती राहिली नाही.

त्या नावावर घरं विकली जात होती आणि ठेवीही येत होत्या. घर घेणारा करारनामा नोंदवतो; कर्ज देण्याआधी बँकेचा वकील जमिनीची कागदपत्रं तपासतो. ठेवीदाराला असा वकील नसतो. निवृत्तीची ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे घेऊन तो येतो, कारण बँकेपेक्षा चार पैसे जास्त व्याज मिळणार असतं आणि ओळखीतल्या कुणीतरी आधी पैसे ठेवलेले असतात. हातात एक पावती पडते. पावती नेमकी कुठल्या संस्थेची, हे बघायचं राहून जातं, कारण वर ओळखीचं नाव असतं. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार डीएसकेंच्या ठेवी मूळ कंपनीखेरीज भागीदारी संस्थांमार्फतही गोळा झाल्या होत्या. बँकेतल्या ठेवीला आज पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. अशा ठेवींना ते नसतं.

घरांचा बाजार मंदावला. २०१६ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुलकर्णींना भीषण अपघात झाला, मागोमाग नोटाबंदी आली. व्याज थकलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये डीएसकेंवर शिवाजीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. कलमं फसवणुकीची होती आणि ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी १९९९ साली झालेल्या राज्याच्या कायद्याचीही.

तरीही बऱ्याच जणांचा विश्वास टिकून होता. तो विश्वास उडाला उच्च न्यायालयात. पन्नास कोटी भरण्याची हमी कुलकर्णींनी दिली, मुदतीमागून मुदत मिळाली, पैसे आले नाहीत. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने अटकेपासूनचं संरक्षण काढून घेतलं आणि दिल्लीत कुलकर्णी पती-पत्नींना अटक झाली. अपघात आणि मंदी लोकांनी समजून घेतली असती. न्यायाधीशांसमोर दिलेला शब्द मोडला, तिथे मात्र नाव पार धुळीला मिळालं. साडेचार वर्षांनी, २०२२ साली, ते जामिनावर सुटले. अटक म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे आणि जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हे ध्यानात ठेवूनच हे लिहितो आहे.

अमेरिकेत मार्था स्ट्युअर्ट यांनीही स्वतःच्या नावावर उद्योग उभारला. शेअर विक्रीच्या प्रकरणात तपासाला खोटी माहिती दिल्याबद्दल २००४ साली त्या दोषी ठरल्या, पाच महिने तुरुंगात राहिल्या आणि सुटून पुन्हा दूरदर्शनच्या पडद्यावर आल्या. त्यांच्या पाककृती वाचणाऱ्या बाईचा एक डॉलरही बुडाला नव्हता. परतीची वाट मोकळी राहिली ती त्यामुळे, असं मला वाटतं.

इथे मात्र हजारो घरांचे हिशेब अडकले. ठेवीदारांच्या कायद्याखाली सरकार मालमत्ता जप्त करतं, विशेष न्यायालयामार्फत तिचा लिलाव होतो आणि पैसे वाटले जातात. दुसरीकडे दिवाळखोरीचा कायदा आहे. त्यात मालमत्ता तारण ठेवून घेतलेल्या बँकांचा हक्क आधी आणि विनातारण ठेवीदाराचा नंतर. बँकांनी कर्ज देताना तारण लिहून घेतलं होतं. ठेवीदाराने पावतीवरचं नाव पाहून पैसे ठेवले होते, म्हणून तो रांगेत मागे आहे.