दशमांश कोणाचा?



आपल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी कापसाच्या गाड्या बाजारात नेल्या, त्यांच्या तोंडून ‘धर्मादाय’ हा शब्द आपण ऐकला असेल. अडत, हमाली, तोलाई यांच्या ओळीत ही आणखी एक कपात असे. कास्तकाराच्या हाती रक्कम पडण्यापूर्वीच तीतून धर्मकृत्यांच्या नावाने काही पैसे वळते केलेले असत. कापणारा अडत्या, पैसा कास्तकाराचा. मग पुण्य कोणाच्या खाती, हे कोणी विचारीत नसे. वऱ्हाडातील कापसाच्या व धान्याच्या बाजारांना शिस्त लावणारा कायदा १८९७ साली झाला, आणि पुढच्या कायद्यांनी अशा कपातींना आळा घातला. आज बोलायचे आहे ते दुसऱ्या एका धर्मातील अशाच हिश्श्याविषयी. ख्रिस्ती मंडळ्यांत त्याला दशमांश म्हणतात: मिळकतीचा दहावा भाग देवाला.

हा विषय हिवरखेडात कशाला, असे कोणी म्हणेल. पण अमेरिकेतून आलेल्या अलायन्स मिशनने अकोला, अमरावती, खामगाव या टापूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काम केले, आणि आपल्या शेजारी मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती आहे. अशाच एका कुटुंबातील बाईने मला मागे विचारले होते. ती निंदणाला जाणारी, रोजावर काम करणारी. “भाऊ, रोजाचा दहावा हिस्सा नाही दिला तर देवाची चोरी होते म्हणतात. खरं काय ते?” तिला तेव्हा मला नीट सांगता आले नाही. आजचे बोलणे हे त्या उत्तराचा उशिरा झालेला प्रयत्न आहे.

चोरी हा शब्द येतो मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकातून. जुन्या करारातील हे शेवटचे पुस्तक. त्याच्या तिसऱ्या अध्यायात देव आपल्या लोकांना म्हणतो की, दशमांश व अर्पणे न देऊन तुम्ही मला लुटले आहे. ते सारे भांडारात आणा. दशमांशावरील प्रवचनाचा भर बहुधा या वचनावर असतो. परंतु तोच अध्याय थोडा वरून वाचावा. मजुराची मजुरी दाबणारे, विधवेला व पोरक्याला छळणारे, परक्याचा हक्क बुडविणारे, यांच्याविरुद्ध देव तेथे साक्षीला उभा राहतो. म्हणजे ज्या पानावर लुटल्याचा आरोप आहे, त्याच पानावर मजुराची कैफियत आहे. एक वाचायचे आणि दुसरे वगळायचे, हे बरोबर नाही.

मुळात हा दशमांश होता कशाचा? लेवीय, गणना व अनुवाद या पुस्तकांत त्याचे नियम आहेत. तो धान्यावर, द्राक्षारसावर, तेलावर, झाडांच्या फळांवर आणि गुरामेंढरांवर होता. सुताराच्या किंवा कोळ्याच्या रोजच्या कमाईवर तो सांगितलेला नाही. तो जाई लेवी वंशाकडे, कारण इस्राएलाच्या बारा वंशांना जमीन वाटली गेली तेव्हा मंदिरसेवा करणाऱ्या लेव्यांना शेतीचा वाटा मिळाला नाही. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, न्हावी यांना बलुते मोजले जाई, तेही त्यांच्या पोटाची सोय जमिनीत नव्हती म्हणूनच. लेव्यांनाही सूट नव्हती. मिळालेल्या दशमांशाचा दहावा भाग त्यांनी याजकाला द्यावयाचा होता.

अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात तर एक गंमत आहे, आणि ती प्रवचनांत फारशी ऐकू येत नाही. तेथे सांगितले आहे की, दशमांश घेऊन देवाने निवडलेल्या स्थळी जावे आणि घरच्यांसह तो तेथे आनंदाने खावा. वाट लांबची असेल तर माल विकून रोकड न्यावी, आणि तेथे बैल, मेंढरू, मद्य, जे जिवाला आवडेल ते विकत घेऊन जेवावे; गावच्या लेव्याला मात्र विसरू नये. दर तिसऱ्या वर्षी हा हिस्सा आपल्याच गावात साठवावयाचा, आणि लेवी, परका, पोरका व विधवा यांनी तो पोटभर खावयाचा. म्हणजे दशमांशाच्या पंगतीला बोलावलेल्यांत विधवा आहे. आमची निंदणाची बाई खरे तर घेणाऱ्यांच्या रांगेतली; तिला देणाऱ्यांच्या रांगेत उभे केले, आणि वर चोर ठरविले.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले आणि मंदिरातील सेवा संपली. मूळ दशमांश ज्यांचा, त्या यहुद्यांत आज रब्बी नियमशास्त्राचा दशमांश गोळा करीत नाहीत. मिळकतीचा दहावा भाग दानधर्मात घालण्याची प्रथा त्यांच्यात आहे, ती वेगळी.

येशूच्या तोंडी दशमांशाचा उल्लेख फार थोडा आहे. मत्तयात तो परुश्यांना बोलतो: पुदिना, शेप आणि जिरे यांचासुद्धा दहावा भाग मोजता, पण न्याय, दया व विश्वास सोडून देता. पहिले करू नये असे तो म्हणत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दशमांशाचे समर्थक याच वाक्यावर बोट ठेवतात, आणि अब्राहामाने मलकीसदेकाला दशमांश दिला तो मोशेच्या नियमशास्त्राच्या आधीचा, असेही म्हणतात. त्यांचे म्हणणे पोरकट नाही. पण अब्राहामाने दिला तो लढाईतील लुटीचा दहावा भाग, आणि तो एकदा दिल्याची कथा आहे. दरमहाचा नियम त्यातून कसा काढावा, हे मला उमगत नाही. पौलाने मंडळ्यांना दानाविषयी सविस्तर लिहिले, तेव्हा त्याने दहाचा आकडा घातला नाही. ज्याने त्याने मनात ठरवावे तसे द्यावे, कुरकुरत किंवा सक्तीने देऊ नये, असे तो करिंथकरांना सांगतो. त्याची वर्गणी होती यरुशलेमच्या गरिबांसाठी, आणि तो स्वतः तंबू शिवून पोट भरीत असे.

मग आकडा परत आला कोठून? राजाकडून. गॉलमधील मॅकोंच्या धर्मसभेने ५८५ साली दशमांश न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली, आणि ७७९ मध्ये शार्लमेन बादशहाने त्याचा कायदा केला. तेव्हापासून युरोपातील शेतकऱ्याच्या पेंढ्या मोजल्या जाऊ लागल्या. फ्रान्सच्या राज्यक्रांतीने १७८९ मध्ये हा कर उडविला. आयर्लंडात कॅथलिक शेतकऱ्यांना अँग्लिकन पाद्र्यांसाठी दशमांश भरावा लागे. १८३० नंतरच्या वर्षांत त्यावरून रक्तपात झाला. इंग्लंडने १८३६ साली धान्याऐवजी रोकड ठरविली, आणि १९३६ च्या कायद्याने तीही मोडीत निघाली. जाता जाता सांगतो, मराठेशाहीतील सरदेशमुखीही दहावाच हिस्सा होती. दहा हा आकडा वसुलाला सोयीचा. बोटांवर मोजता येतो.

आपल्या देशात इंग्रजांनी दशमांशाचा कायदा केला नाही. १८१३ च्या सनदेनंतर कलकत्त्याच्या बिशपचा पगार मात्र हिंदुस्थानच्या महसुलातून निघे. मिशनांचे तसे नव्हते. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ सालीच मुंबईत उतरले, १८३१ पासून अहमदनगरात काम सुरू झाले, आणि त्यांचा पैसा येई तिकडच्या सामान्य माणसांच्या वर्गणीतून. त्यातून शाळा, दवाखाने निघाले. पण पाळकाचा पगार परदेशातून येऊ लागला की मंडळी त्याची राहत नाही आणि तो मंडळीचा राहत नाही. शिवाय मंडळीत खेड्यातील महार, मांग बहुसंख्य. पुष्कळांना स्वतःची अशी मिळकतच नव्हती. “स्वावलंबी व्हा, दशमांश द्या,” हा उपदेश अशा लोकांसमोर झाला. उपदेश करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. छप्पर गळते, पाळकालाही मुलेबाळे असतात, आणि परक्याच्या पैशावर जन्मभर जगणे मानाचे नव्हे.

या पेचातून आपली वाट काढू पाहणारा एक मराठी माणूस आपल्या परिचयाचा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. पुढे ते अहमदनगरला मिशनच्या नोकरीत होते. १९१७ मध्ये त्यांनी ती सोडली, पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले आणि हा प्रयोग वाढण्याआधीच थांबला. घरात उद्याची सोय नसताना आजचे देऊन टाकणे हा त्यांचा स्वभावच होता. त्याची झळ लक्ष्मीबाईंना किती लागली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून टिळकांचा कित्ता प्रत्येकाने गिरवावा असे मी म्हणणार नाही. लक्ष्मीबाई प्रत्येकाच्या घरी नसतात. पण ज्याने पगारच ठेवला नाही, त्याच्याजवळ दशमांशाचा हिशेब कोणी मागावा?

पंडिता रमाबाईंचा मार्ग निराळा. शारदासदनासाठी अमेरिकेत जी संस्था १८८७ साली निघाली, तिने मदतीचा वायदा दहा वर्षांपुरता केला होता. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळाने उघड्यावर पडलेल्या मुली शेकड्यांनी आल्या. तेथे शेती, विणकाम, छापखाना चाले, दानही येई. पैसा धर्माच्या नावाने येत होता आणि पोरक्यांच्या ताटात जात होता. अनुवादातील तिसऱ्या वर्षाचा दशमांश याहून वेगळा काय असणार?

दहावा हिस्सा सर्वांना सारखा, असे म्हणतात. तीनशे रुपये रोज मिळविणारीने तीस दिले तर घरी दोनशे सत्तर उरतात, आणि तिच्या किराण्यातले काही कमी होते. महिना लाख मिळविणाऱ्याने दहा हजार दिले तर नव्वद उरतात, आणि त्याचे काही अडत नाही. आकडा सारखा, भार सारखा नाही. मंदिराच्या पेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट मार्काने सांगितली आहे, आणि गरिबांना द्यायला लावताना ती नेहमी सांगतात. तिच्या अगदी आधीचे वाक्य विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी आहे.

तेव्हा त्या बाईला मी आज एवढे सांगेन. बाई, तू चोर नाहीस. सुगीच्या उपासनेत तू ज्वारीची चार कणसे वाहिलीस, ती तुझ्या मनाने वाहिलीस. मंडळीच्या दिव्याला तेल लागते हे तुला ठाऊक आहे, म्हणून जमेल ते देतेस, आणि जमणार नाही त्या आठवड्यात देत नाहीस. पण दिलेस तर हिशेब विचार. पौल वर्गणी घेऊन निघाला तेव्हा कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेऊन गेला. आपल्या राज्यातही सार्वजनिक न्यासांचा १९५० चा कायदा आहे आणि तो देवळाला, चर्चला सारखाच लागू आहे. न्यासाची वही त्यात तपासावी लागते, आणि ती ज्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली येते, त्याला म्हणतात धर्मादाय आयुक्त.