गोड बातमी आणि तोंडावर बोट

ऑफिसात बातम्या दोन प्रकारच्या. नोटीस बोर्डावर लागतात त्या कुणी वाचत नाही आणि कुठेच लागत नाहीत त्या जेवणाच्या सुट्टीआधी शिपायापासून साहेबांपर्यंत पोहोचलेल्या असतात. कोण नोकरी सोडतंय, कुणाचं लग्न मोडलं, कुणी बंगलोरला फ्लॅट घेतला... आणि कुणाला दिवस गेले. यातली शेवटची बातमी सगळ्यात गोड, पण सगळ्यात नाजूकही. वेळेआधी फुटली तर एखादीच्या नोकरीवर गदा येऊ शकते.

म्हैसूरहून हुणसूरच्या रस्त्याला लागलं की रिंग रोड जिथे आडवा येतो, ते हिनकल. एकेकाळचं खेडं. आता तिथे उड्डाणपूल आहे आणि सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या बसगाड्यांची वर्दळ. जवळच हेब्बाळची औद्योगिक वसाहत आणि संगणक कंपन्या, त्यामुळे देशभरची माणसं इथे भाड्याच्या घरांतून राहतात. त्यात आम्ही एक सांगलीकर!

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई कानडी. वय ३७, लग्नाला नऊ वर्षं, नोकरी कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, नवी सही. एका मंगळवारी जिना उतरताना तिने माझा हात धरला आणि सांगितलं, पाचवा महिना लागलाय. मी काही बोलणार तोच म्हणाली, “अक्का, यारिगू हेळबेडि.” म्हणजे, कुणाला सांगू नका.

नऊ वर्षांनी हलणारा पाळणा, आणि तो दडवून ठेवायचा! कारण सरळ होतं. कंत्राट संपायला दोन महिने उरले होते. ‘रजेवर जाणार’ हे कळलं तर नवा कागद येणारच नाही, अशी तिला धास्ती. धास्ती खोटी नव्हती. आधीच्या वर्षी एकीचं असंच झालं होतं.

आता सांगा, अशी बातमी पोटात घेऊन बाईमाणसाने आठ तास कसे काढायचे? नवऱ्याला सांगितली तरी त्यांची प्रतिक्रिया “हो का? छान,” एवढीच. त्यावर कुणाचं मन भरत नाही.

मी रात्री वही काढली. मला रोज चार ओळी लिहायची सवय आहे. दूध, घरभाडं, सासूबाईंचं औषध आणि मधूनच एखादी मनातली गोष्ट. आपल्याकडे रोजनिशी म्हटलं की लोकांना फार काहीतरी साहित्यिक वाटतं. पण पेशव्यांची रोजनिशी म्हणून जी छापली गेली आहे, ती चाळून पाहा. तिथे मनाची घालमेल नाही. सनदा, हुकूम, कुणाला काय दिलं, कुठे किती खर्च झाला, हेच. तारीख आणि मजकूर. मला हीच पद्धत आवडते. ‘आज मन उदास’ हे महिन्याभराने वाचलं तर कशामुळे, ते आठवत नाही. ‘आज गॅस संपला, हिने जिन्यात बातमी सांगितली, डोळे भरले’ असं लिहिलं की तो दिवस पुन्हा उभा राहतो.

लिहिल्याने मन हलकं होतं हे आपल्या आजीलाही माहीत होतं. पण अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये त्याचा प्रयोगच प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना त्याने लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. भावना आणि घटना दोन्ही लिहिणारी मुलं पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेली. नंतरच्या अनेक प्रयोगांत हा फायदा बेताचाच दिसला, हेही खरं. पण गुपित राखायला वही उत्तम! तिला कुणी चहाला बोलावत नाही.

वाटीभर नाचणी

गुपित राखलं, पण कौतुक कसं करायचं? ओटी भरायची तर सगळ्यांना कळणार. शिवाय आमच्या ऑफिसात वाढदिवसाला येणाऱ्या व्हॅनिला केकच्या वासानेच तिला मळमळायचं. मग ठरवलं, नानकटाई. तीही नाचणीची. या मुलखात रागी म्हणजे घराघरातलं धान्य, रागी मुद्द्यावर माणसं वाढलेली.

माझ्या आईच्या काळी घरात ओव्हन कुठे होता? दिवाळीआधी मैदा, तूप, पिठीसाखरेचे डबे घेऊन बेकरीत नंबर लावायचा आणि समोर बसून भाजून घ्यायचं. घाई असेल तर जाड बुडाच्या कढईत वाळू तापवून, वर झाकण ठेवून घरीच. आता माझ्याकडे विजेचा ओव्हन आहे, पण माप मात्र वाटीचंच. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली मराठी घरांना वाटी-चमच्याची जी गोडी लावली, ती माझ्याने सुटत नाही.

तर प्रमाण असं: एक वाटी नाचणीचं पीठ मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजून, पूर्ण गार करून घ्यायचं. एक वाटी मैदा, एक वाटी पिठीसाखर, पाऊण ते एक वाटी घट्ट तूप, चिमूटभर सोडा, वेलची. तूप-साखर पांढरं होईपर्यंत फेसायचं, मग पीठ हलक्या हाताने मिसळायचं. १७० अंशावर पंधरा ते अठरा मिनिटं. नाचणीत ग्लुटेन नसतं, म्हणून तिचा पाव फुगत नाही. पण नानकटाईला चिकटपणा नकोच असतो, तिथे हा दोष गुण ठरतो. मूळचा तपकिरी रंग फसवा, भाजलं गेलं की नाही ते डोळ्यांना कळत नाही. कडेला बोट लावून पाहायचं आणि मऊ असतानाच बाहेर काढायचं. गार झाल्यावर कडक होते.

नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण एवढं तूप-साखर घालून तिला औषध म्हणू नये, खाऊच म्हणावं.

डबा तिच्या टेबलाच्या खणात गेला. दुपारी चार वाजता खण उघडण्याचा बारीक आवाज यायचा. बाकी कुणाला पत्ता नाही.

अकरा दिवसांचा हिशेब

एका शुक्रवारी तिने स्वतःच वरिष्ठांना सांगितलं. उत्तर मिळालं, “कंत्राट तर संपतंय, मग रजा कसली? बघू.” ती पांढरीफटक होऊन परत आली.

त्या रात्री वहीत तारीख आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरलं. मग कायदा शोधला. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये बदल होऊन भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली (पहिल्या दोन मुलांसाठी). आदल्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की पुरे. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पण या दोन्ही गोष्टी तिच्यातही तशाच आहेत. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सांगितलं.

आणि कंत्राट मध्येच संपलं तर? डॉ. कविता यादव या दिल्लीतल्या कंत्राटी डॉक्टर. २०१७ मध्ये त्यांनी मागितलेली रजा सुरू होताना कंत्राटाचे ११ दिवस उरले होते, म्हणून ११ दिवसांचाच लाभ मंजूर झाला. त्या लढत राहिल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की लाभ कंत्राटाच्या मुदतीपलीकडेही मिळतो, पूर्ण २६ आठवड्यांचा. निकाल यायला सहा वर्षं लागली, एवढ्या काळात मूल शाळेत जायला लागतं!

आम्ही सोमवारी साधा अर्ज केला. डॉक्टरचा दाखला, अपेक्षित तारीख, शुक्रवारच्या बोलण्याचा दिनांकासह उल्लेख, आणि खाली त्या निकालाची एक ओळ. तक्रारीचा सूर नाही, धमकी नाही. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. तो शिक्का मला त्या दिवशी नानकटाईपेक्षा गोड वाटला. तोंडी सांगितलेली बातमी ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणून झटकता येते, शिक्क्याचा कागद झटकता येत नाही.

बारा दिवसांनी रजा मंजूर झाली. कंत्राटाचं काय, ते मात्र अजून ठरलेलं नाही. ‘बाळंतपणानंतर पाहू,’ असं उत्तर आहे. त्यावर पुढे काय करायचं ते आम्ही दोघी ठरवू, सध्या तरी कागद जपून ठेवलेत.

ती आता हासनला आईकडे आहे. परवा फोन आला, तिच्या आईला साखरेऐवजी गूळ घालून नानकटाई करायची आहे, प्रमाण काय? दोन घाणे करून पाहिले. गूळ ओल धरतो, त्यामुळे नानकटाई पसरते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. पाऊण वाटी गूळ, थोडं कमी तूप आणि दोन चमचे बारीक रवा, असा तिसरा घाणा रविवारी करायचा आहे.