एकशे चार गुण, तरी नापास

खजिना विहिरीजवळ राहणारा माझा एक जुना विद्यार्थी परवा निकालपत्र घेऊन घरी आला. म्हणाला, "सर, जपानीच्या परीक्षेला पास व्हायला ९० लागतात. मला १०४ आहेत, तरी नापास! हा कुठला हिशेब?"

श्रोतेहो, हिशेब बरोबर होता. त्याने तो नीट वाचला नव्हता, इतकेच. आज पुण्यात घरोघरी कुणी ना कुणी जपानी शिकत असते, म्हणून हा हिशेब आपणही समजून घेऊ या.

परदेशी माणसाला जपानी कितपत समजते, हे मोजणारी ही परीक्षा १९८४ साली सुरू झाली. पुण्यातही तिचे केंद्र आहे. पूर्वी तिच्या चार पायऱ्या होत्या. २०१० पासून पाच आहेत. एन-५ सर्वांत खालची, एन-१ सर्वांत वरची. एकूण गुण १८०. वरच्या तीन पायऱ्यांना शब्द-व्याकरण, वाचन आणि श्रवण असे ६० गुणांचे तीन विभाग. एन-४ आणि एन-५ ला पहिले दोन विभाग एकत्र, म्हणजे १२० गुणांचे, श्रवण निराळे.

उत्तीर्ण व्हायला एन-१ ला १००, एन-२ ला ९०, एन-३ ला ९५, एन-४ ला ९० आणि एन-५ ला ८० गुण लागतात. पण एवढ्यावर भागत नाही. ६० गुणांच्या प्रत्येक विभागात निदान १९, आणि १२० गुणांच्या विभागात निदान ३८ हवेतच. आमच्या या गृहस्थांनी एन-२ ला व्याकरणात ४५, वाचनात ४२ मिळवले. श्रवणात मात्र १७! शाळेत तरी काय? गणितातले शंभर दाखवले म्हणून इंग्रजीतले पंधरा कोणी माफ करीत नाही.

आता श्रवणातच का घसरले? व्याकरण आपल्याला फारसे परके नाही. 'मी पुस्तक वाचतो' हे जपानीत 'वाताशि वा होन ओ योमिमास'. क्रियापद आपल्यासारखेच शेवटी, आणि आपले प्रत्यय जसे शब्दामागे लागतात तसे त्यांचे 'वा', 'ओ'ही मागेच. गाडी अडते ती ह्रस्व-दीर्घावर. 'ओजिसान' म्हणजे काका, 'ओजीसान' म्हणजे आजोबा. शुद्धलेखनात वेलांटीवरून आपण भांडतो, पण बोलताना पहिली आणि दुसरी सारखीच उच्चारतो. जपानी कान हा भेद सोडीत नाही. शिवाय परीक्षेत ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. "पुन्हा सांगा" म्हणायची सोय नाही.

आणखी एक ध्यानात ठेवावे. या परीक्षेत बोलून दाखवायचे नसते, निबंधही लिहायचा नसतो. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे असते. म्हणून प्रमाणपत्र म्हणजे 'समजते' याचा दाखला. 'बोलता येते' याचा नव्हे. मुलाखतीला जाणाऱ्याने आणि मुलाखत घेणाऱ्याने, दोघांनीही हे विसरू नये. प्रमाणपत्राला मुदत नसते. पण वापरली नाही तर भाषा गंजते.

विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले, "पुस्तक जरा मिटून ठेव आणि रोज अर्धा तास नुसते ऐक." निघताना तो म्हणाला, "डिसेंबरात पुन्हा बसतो, सर." आणि जिन्यावरून त्याचे 'ओजिसान, ओजीसान' ऐकू येऊ लागले. खरे सांगतो, दुसऱ्या खेपेला आजोबा स्पष्ट ऐकू आले.